शिदोरी संपायच्या आत

अंडं ताजं आहे की नाही अशी शंका आली की आपल्याकडे ते पाण्याच्या पातेल्यात सोडून बघतात. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जरा जुनं, तरंगायला लागलं तर टाकून द्यायचं. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर पक्ष्यांचे अभ्यासक दर जूनमध्ये हेच करतात. फरक इतकाच की त्यांच्या हातात रानहंसाचं अंडं असतं, आणि ते शिळं की ताजं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. हे अंडं उबवायला लागून किती दिवस झाले, तेवढं त्यांना हवं असतं. कवचाला बारीक छिद्रं असतात. उबवताना आतला ओलावा त्यातून हळूहळू उडून जातो, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि अंडं दिवसागणिक हलकं होतं. पाण्यात ते किती कलतं, किती वर येतं, यावरून दिवस कळतात. दिवस कळले की पिल्लं साधारण कोणत्या तारखेला बाहेर येणार तेही कळतं. मग अंडं परत घरट्यात ठेवायचं, वर पिसांचं पांघरूण सारखं करायचं आणि मादी परतायच्या आत तिथून निघायचं.

एका तारखेसाठी एवढा खटाटोप? हो, कारण या पक्ष्यांच्या संसारात बाकी सगळं त्या तारखेभोवती फिरतं. किती अंडी घालायची, कुठे बसायचं, किती वेळ उपाशी राहायचं, पिसं कधी गाळायची, सगळंच.

पुढे जाण्याआधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीत ज्याला ‘गूज’ म्हणतात त्याला मराठीत सर्वांना पटेल असा एक शब्द नाही. हंस म्हटलं की कॅलेंडरवरचा लांब मानेचा पांढराशुभ्र ‘स्वान’ डोळ्यांपुढे येतो. राजहंस म्हटलं की कुणाला तोच आठवतो, तर कुणाला हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटात, जायकवाडीला किंवा नांदूरमध्यमेश्वरला उतरणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब. संस्कृत काव्यातला हंस म्हणजे हा पट्टकदंबच असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. दूध आणि पाणी वेगळं करण्याची ख्याती मिरवणारा हा पक्षी रात्री शेतात उतरून कोवळा हरभरा आणि गहू खातो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो जास्तच आवडला. तर या लेखापुरता शब्द ‘रानहंस’. बदकापेक्षा मोठा, स्वानापेक्षा लहान, चालत चालत गवत चरणारा.

आता जागा. युकॉन नदी कॅनडात उगम पावते आणि सुमारे ३,२०० किलोमीटर वाहून बेरिंग समुद्राला मिळते. तिच्या दक्षिणेला कस्कोक्विम नदी. या दोघींनी आणलेल्या गाळातून जो त्रिभुज प्रदेश तयार झाला, त्यातल्या वन्यजीव राखीव क्षेत्राची हद्दच जवळपास १ कोटी ९० लाख एकर भरते, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाव. किनाऱ्याकडे झाड नावाला नाही. तळी, डबकी, वळसे घेत जाणारे ओढे आणि ओहोटीला उघडा पडणारा मैलोन् मैल चिखल. जमीन संपून पाणी कुठे सुरू होतं ते सांगणं कठीण. कोकणातली खाजणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी तीच डोळ्यांपुढे आणावीत, त्यातली तिवरं पुसून टाकावीत आणि वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस वर बर्फ पसरावा. इथल्या मूळ रहिवासी युपिक लोकांची लहान लहान गावं या सपाटीवर विखुरलेली आहेत. ती एकमेकांना रस्त्याने जोडलेली नाहीत. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरची गाडी आणि एरवी छोटं विमान.

इथे रानहंसांच्या चार जाती घरटी करतात. कॅकलिंग गूज हा सगळ्यात छोटा, जेमतेम दीड किलोचा. पांढऱ्या कपाळाचा व्हाइट-फ्रंटेड गूज. काळपट, समुद्रकाठचा ब्रँट. आणि एम्परर गूज, राखाडी अंगावर खवल्यांसारखी नक्षी आणि डोक्यावर पांढरी टोपी. जगातले बहुतेक सगळे एम्परर याच प्रदेशात जन्माला येतात.

एप्रिलच्या अखेरीपासून थवे उतरायला लागतात तेव्हा जमीन बऱ्याच ठिकाणी पांढरीच असते. सप्टेंबरमध्ये पुन्हा गारठा सुरू होतो. मधल्या दिवसांचा हिशेब मांडून बघा. अंड्यातला बलक मादीच्या शरीरात भरायला बारा-तेरा दिवस. चार-पाच अंडी घालायला पाच-सहा दिवस. उबवायला पंचवीसेक. पिल्लांच्या पंखांत बळ यायला दीड महिना. बेरीज नव्वदच्या आसपास जाते, आणि ही बेरीज कशीबशी त्या उन्हाळ्यात मावते. बर्फ वितळेपर्यंत थांबून, मग हिरवळ फुटल्यावर चरून, अंगात ताकद आल्यावर अंडी घालू, असं म्हणणाऱ्या मादीची पिल्लं उडायला शिकण्याआधीच डबकी गोठलेली असतील.

मग ती काय करते? शिदोरी बांधून येते. ही शिदोरी चोचीत नसते, अंगात असते. दक्षिणेकडच्या हिवाळी मुक्कामात आणि वाटेवरच्या थांब्यांवर ती जवळजवळ सारखी चरत असते. तिचा नर शेजारी मान उंच करून पहारा देतो, म्हणून तिला मान खाली ठेवता येते. कॅकलिंग पूर्वी कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात हिवाळा काढायचे, आता बहुतेक ओरेगॉनमधल्या विलामेट खोऱ्यातल्या गवताच्या शेतांत काढतात, आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या नावाने बोटं मोडणं ऐकतात. तिथे जमवलेली चरबी आणि स्नायूंतलं प्रथिन घेऊन मादी उत्तरेला निघते. शास्त्रज्ञ याला भांडवलावरचं प्रजनन म्हणतात. उलट रोज मिळेल त्यावर अंडी घालणारे पक्षी म्हणजे रोजंदारीवर चालणारं घर. पूर्वी वाटायचं की रानहंस निव्वळ भांडवलावर जगतात. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की बर्फ सरकलेल्या पहिल्या तुकड्यांवरही ते चरतात आणि त्याचाही वाटा अंड्यात जातो. जात, साल आणि अंतर यांप्रमाणे हे प्रमाण बदलतं. पण उबवण्याचे पंचवीस दिवस तरी मुख्यतः शिदोरीवरच निघतात.

ही शिदोरी किती महत्त्वाची, याचं सगळ्यात कठोर उदाहरण अलास्कातलं नाही, कॅनडातलं आहे. हडसन उपसागराला मिळणाऱ्या मॅककॉनेल नदीच्या मुखाशी पांढऱ्या स्नो गूजची मोठी वसाहत असते. १९७०च्या दशकात तिथे काम करणाऱ्या अभ्यासकांना काही माद्या घरट्यावरच मेलेल्या सापडल्या. कोल्ह्याने मारलं नव्हतं, रोग नव्हता. अंड्यांवर बसल्या बसल्या अंगातलं सगळं संपलं होतं. मादी अंडी किती घालणार तेही तिने आणलेल्या साठ्यावर ठरतं, असं त्याच कामातून पुढे आलं. सगळी ताकद अंड्यांत ओतली तर उबवायला उरत नाही, आणि राखून ठेवली तर अंडी कमी. उशिरा अंडी घालायला लागलेल्या माद्या सहसा कमी घालतात.

एक अंडंसुद्धा स्वस्तात पडत नाही. चिमणीसारख्या पक्ष्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात आणि घरट्यातच वाढतात, म्हणून त्यांच्या अंड्यात बलक थोडा पुरतो. रानहंसाचं पिल्लू बाहेर येतं ते डोळे उघडे, अंगभर लव आणि दुसऱ्या दिवशी चालायला तयार. त्याची सगळी तयारी अंड्यातच व्हावी लागते, म्हणून अंड्याच्या आतल्या ऐवजात जवळपास ४० टक्के बलक असतो. शिवाय उरलेला थोडा बलक पिल्लू जन्माच्या वेळी पोटात ओढून घेतं. पहिला एखादा दिवस काही खायला नाही मिळालं तरी चालावं म्हणून. ही आईच्या शिदोरीतली शिदोरी.

घरटं स्वतः बघायला गेलं तर निराशाच होते. सुगरणीचं विणकाम नाही, काटक्यांची रचना नाही. मादी जमिनीवर छाती टेकून गोल गोल फिरते, खळगा करते आणि बसल्या जागेवरून मान पोहोचेल तेवढं वाळकं गवत ओढून कडेला लावते. पहिलं अंडं पडतं तेव्हा एवढंच असतं. पुढच्या अंड्यांबरोबर त्यात तिच्या छातीपोटावरची मऊ पिसं यायला लागतात. ती उपटल्यामुळे दोन कामं होतात. उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते, आणि खळग्याला गादी मिळते. जूनमध्येसुद्धा इथला पारा शून्याच्या वर फारसा जात नाही असे दिवस येतात, आणि अंड्यांना हवी असते माणसाच्या अंगाइतकी ऊब. कधी उठायची वेळ आली तर मादी याच पिसांनी अंडी झाकून जाते. ऊब टिकते आणि वरून उडणाऱ्या कुरव पक्ष्याला अंडी दिसतही नाहीत.

माझ्या आजोळी कोंबडी खुडूक बसली की तिला पाटीखाली अंडी देऊन बसवायचे. आजी वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी जमवून एकाच दिवशी खाली ठेवायची, म्हणजे पिल्लं एकदम निघतात. रानहंसाची मादी हेच स्वतः करते. साधारण दिवसाला एक किंवा जरा जास्त अंतराने अंडी घालत जाते, पण शेवटचं किंवा त्याच्या आधीचं अंडं पडेपर्यंत नीट बसत नाही. थंड अंड्यात वाढ सुरू होत नाही, त्यामुळे पाच दिवस जुनं आणि कालचं, दोन्ही एकत्र मार्गाला लागतात. धोका असा की ते पहिले दिवस अंडी राखणीविना असतात, आणि बरीचशी तेव्हाच जातात.

बसायचं काम फक्त मादीचं. नर एकदाही अंड्यांवर बसत नाही. तो काही अंतरावर उभा राहून राखण करतो, दुसऱ्या जोडप्यांना हाकलतो आणि वेळ आली तर अंगावर धावून जातो. त्याच्या नावाने नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात घ्या की तो नसला तर मादीचं घरटं टिकण्याची शक्यता खूपच कमी होते.

आता मला या विषयातला सगळ्यात आवडणारा भाग. त्याच चिखलात, त्याच कोल्ह्यासमोर, या चार जातींनी चार वेगळ्या वाटा काढल्या आहेत.

शत्रू मुख्यतः दोन. आर्क्टिक कोल्हा आणि ग्लॉकस कुरव. कोल्हा जमिनीवरून येतो, आणि एकदा वसाहत सापडली की पोट भरल्यावर थांबत नाही. जादा अंडी तोंडात धरून नेतो आणि एकेक करून शेवाळात पुरून ठेवतो. खालची जमीन म्हणजे त्याचा फ्रीज, महिन्यांनी येऊन खातो. कुरव वरून बघतो आणि मादी उठण्याची वाट पाहतो.

कॅकलिंग अंगाने लहान. कोल्ह्याशी झुंजणं त्याला परवडत नाही. म्हणून तो डबक्यातलं छोटं बेट गाठतो, कधी कधी घरट्यापुरतंच. कोल्ह्याला पोहता येतं, पण पाच अंड्यांसाठी भिजायचं की कोरड्यातली दुसरी घरटी शोधायची, हा हिशेब तोही करतो. बेटामुळे कॅकलिंगच्या मादीला मधूनमधून उठून शेजारी चार घास खायची सवड मिळते. एवढ्याशा अंगात पंचवीस दिवसांची शिदोरी तशीही मावली नसती.

एम्परर मोठा, आणि त्याच्या मादीची रीत अगदी उलटी. ती उठतच नाही. चोवीस तासांतली काही मिनिटं सोडली तर ती अंड्यांवरच असते, काही दिवशी तेवढंही उठत नाही. पाणीसुद्धा फारसं नाही. माणूस किंवा कोल्हा दिसला की मान लांब करून जमिनीशी चिकटवते, आणि मग राखाडी पक्ष्याच्या जागी भरतीने आणून टाकलेला ओंडका दिसतो. अभ्यासकांचा पाय अंगावर पडायची वेळ येईपर्यंत ती हलत नाही. अंडी जवळजवळ कधीच उघडी पडत नाहीत, त्यामुळे कुरवाला संधीच मिळत नाही. किंमत मात्र शरीर मोजतं. रानहंसांच्या अशा माद्या पिल्लं बाहेर पडेपर्यंत वजनाचा पाचवा, चौथा, कधी त्याहूनही मोठा हिस्सा गमावून बसतात. गंमत म्हणजे एवढी निष्ठेने बसणारी एम्पररची मादी बऱ्याचदा दुसऱ्या कुणाचं तरी अंडं उबवत असते. या जातीत एकमेकींच्या घरट्यात अंडं टाकून जाण्याची खोड फार आहे.

व्हाइट-फ्रंटेड किनाऱ्यापासून जरा आत, उंच गवतात, एकमेकांपासून दूर दूर घरटी लपवतो. ब्रँट तर लपत नाही, पळत नाही, गर्दी करतो. समुद्राच्या तोंडावर शेकडो, हजारो घरटी जवळजवळ आणि जवळपास एकाच वेळी. कोल्हा खाऊन खाऊन किती खाणार, असा हा हिशेब. तो नेहमी जुळत नाही. काशुनुक नदीच्या मुखाजवळ तुताकोके नावाची ब्रँटची वसाहत आहे, तिथे १९८०च्या दशकापासून दरवर्षी पक्ष्यांच्या पायात खुणेच्या कड्या घालून अभ्यास चालू आहे. त्या दशकाच्या मध्यावर काही वर्षं कोल्ह्यांनी तिथली बहुतेक घरटी साफ केली. आणि समुद्राच्या एवढ्या जवळ बसायचं म्हणजे वादळाची भीती आलीच. ऐन जूनमध्ये उधाणाच्या वेळी पश्चिमेचा वारा सुटला की सपाट किनाऱ्यावर पाणी आत घुसतं आणि रांगेने घरटी वाहून जातात. दुसऱ्यांदा घालायला तोपर्यंत ना दिवस उरलेले असतात ना शिदोरी.

कोल्ह्याचा विषय निघालाच आहे तर सैबेरियातला एक मासला सांगतो. तैमिर द्वीपकल्पावर, नद्यांच्या कडेला, रेड-ब्रेस्टेड गूज नावाचा छोटा देखणा रानहंस आहे. तो बहिरी ससाण्याच्या घरट्याच्या अगदी जवळ घरटं करतो. ससाणा आकाशात शिकार करणारा, घरट्याजवळ बसलेल्या पक्ष्यांच्या वाटेला तो फारसा जात नाही, पण कोल्हा आसपास दिसला की त्याच्यावर सूर मारतो. गावगुंडाच्या शेजारी घर घेतलं की चोर येत नाहीत, तसं.

पंचवीस दिवस संपत आले की अंड्यांतून आवाज यायला लागतात. कवचाला तडा जाण्याआधीच पिल्लं आतून चिवचिवतात आणि आई बाहेरून हलक्या आवाजात उत्तर देते. चोचीच्या टोकावर असलेल्या कठीण कणीने ती आतून कवच टोकरतात. एखाद-दुसऱ्या दिवसात सगळी बाहेर. जन्मल्यावर समोर जो मोठा हलणारा जीव दिसेल त्याच्या मागे लागायचं, हा त्यांचा पहिला धडा. कोनराड लोरेंट्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञामागे ग्रेलॅग रानहंसांची पिल्लं रांगेने चालायची ती यामुळेच. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्याला १९७३ साली विभागून नोबेल मिळालं. अंग वाळलं की दिवसभरात सगळं कुटुंब चालायला लागतं, पुढे एक, मागे एक, मध्ये पिल्लं. घरटं कायमचं मागे पडतं. एवढ्या कष्टाने राखलेल्या त्या खळग्याकडे पुन्हा कुणी रात्रीच्या मुक्कामालाही येत नाही.

आता पहिल्या परिच्छेदातल्या तारखेकडे येऊ. पिल्लांना आईबाप भरवत नाहीत. ती पहिल्या दिवसापासून स्वतः गवत खातात, आणि गवत हे तसं निकृष्ट अन्न. त्यातलं प्रथिन कोंब कोवळा असतो तेवढेच दिवस जास्त असतं, मग पान जून होत जातं. दीड महिन्यात वजन पंधरा-वीस पटींनी वाढवायचं तर तो कोवळा काळ गाठावाच लागतो. जूनच्या मध्यावर इथे दिवस सुमारे १९ तासांचा असतो आणि पिल्लं त्यातला बहुतेक वेळ चरतात. उशिरा जन्मलेलं पिल्लू जरड गवतावर वाढतं आणि लहानखुरं राहतं. शरद ऋतूतल्या पहिल्या लांब उड्डाणात तेच जास्त मरतं. जगलं आणि मादी असलं, तर पुढे तिची अंडीही कमी असतात. आठवड्याभराचा उशीर एका पिढीवर थांबत नाही.

ब्रँटने यावर एक उपाय काढला आहे, अर्थात नकळत. खारवट चिखलाच्या कडेला एक बुटका लव्हाळा उगवतो. कुटुंबं तो सतत खुडतात, जणू हिरवळीवर कात्री फिरवावी तशी, त्यामुळे त्याला सारखे नवे कोंब फुटत राहतात. वर त्यांच्या विष्ठेचं नत्रयुक्त खत. अभ्यासकांनी अशा काही तुकड्यांना जाळीचं कुंपण घालून पक्ष्यांना बाहेर ठेवलं, तर काही वर्षांत लव्हाळा उंच आणि राठ झाला; तो इतका बदलला की पूर्वी वेगळा मानलेल्या जातीसारखा दिसू लागला. चरणाऱ्यांनीच कुरण राखलं होतं. याची दुसरी बाजूही आहे. हडसन उपसागरावर चर्चिल गावाजवळच्या ला पेरूझ उपसागरात स्नो गूजची संख्या भरमसाट वाढली, कारण अमेरिकेतल्या शेतांत हिवाळाभर धान्य फुकट मिळत होतं. तिथे त्यांनी कोंबच काय, मुळंही उपटून खाल्ली आणि कुरणाचा खारट चिखल झाला.

पिल्लं वाढत असताना आईबापांचं एक वेगळंच काम चालू असतं. त्यांची पंखांतली सगळी मोठी पिसं एकदम गळतात. कावळा-कबुतर एकेक करून पिसं बदलतात. रानहंस तीन-चार आठवडे चक्क उडूच शकत नाहीत. वेडेपणा वाटतो, पण पिल्लंही तेव्हा उडत नसतातच. उडून जायचं असतं तरी त्यांना सोडून जाता आलं नसतं. आईबापांचे नवे पंख आणि पिल्लांचे पहिले पंख साधारण बरोबरच तयार होतात. संकट दिसलं की सगळे पाण्याकडे धावतात. अभ्यासकही हाच काळ निवडतात, थवा हळूहळू जाळीच्या कोंडवाड्याकडे वळवतात आणि पायात कड्या घालतात. युपिक लोक पूर्वीपासून असेच हाकारे घालून पक्षी धरत आले होते, मांसासाठी आणि कातड्याच्या ‘पारका’ नावाच्या उबदार कोटांसाठी.

त्या लोकांना वगळून ही गोष्ट पूर्ण होत नाही. लांब हिवाळ्यानंतर मिळणारं पहिलं ताजं मांस म्हणजे वसंतातले रानहंस आणि त्यांची अंडी. पण १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात झालेल्या करारात वसंतातली शिकार बंद होती. दूर दक्षिणेतल्या शिकाऱ्यांना शरदात मोकळीक आणि ज्यांच्या दारात पक्षी जन्मतात त्यांना बंदी. कायदा कागदावर राहिला, शिकार दोन्हीकडे चालू राहिली. १९६०च्या दशकात साडेतीन-चार लाखांच्या घरात असलेले कॅकलिंग १९८४पर्यंत पंचवीस हजारांच्या आसपास आले. त्या वर्षी हूपर बे गावाच्या नावाने ओळखला जाणारा करार झाला. युपिक गावांनी कॅकलिंगची शिकार आणि अंडी गोळा करणं थांबवायचं मान्य केलं, बाकी जातींवरही मर्यादा घेतल्या, आणि तिकडे कॅलिफोर्नियातही बंधनं आली. कागदी बंदीने जे दशकानुदशकं झालं नाही ते समोरासमोर बसून झालं. शतक संपेपर्यंत कॅकलिंग दीड लाखाच्या पुढे गेले. एम्पररची शिकार बंद झाली ती तब्बल २०१७ साली पुन्हा उघडली. आणि २००३पासून वसंतातली पारंपरिक शिकार कायदेशीर झाली.

अलीकडची चिंता वेगळी आहे. वसंत लवकर येतो, गवत लवकर फुटतं. रानहंसांनीही लवकर यावं, एवढं सोपं ते नाही. रशियाच्या आर्क्टिकमध्ये घरटी करणाऱ्या बार्नॅकल गूजनी उबदार वर्षांत तेच करून पाहिलं. वाटेतले थांबे टाळून ते घाईने पोहोचले, पण रिकाम्या शिदोरीने. मग अंडी घालण्याआधी तिथेच चरत बसावं लागलं, अंड्यांची तारीख फारशी अलीकडे आली नाही आणि पिल्लांना जून गवतच मिळालं.

ऑगस्टमध्ये पिल्लं उडायला लागतात. सप्टेंबरमध्ये ब्रँट दक्षिणेला इझेम्बेक खाजणावर जमतात, पाण्याखालचं ईलग्रास खाऊन पुन्हा अंग भरतात, आणि मग नोव्हेंबरच्या सुमारास एखाद्या वादळामागच्या अनुकूल वाऱ्यावर बरेचसे समुद्रावरून थेट मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाकडे निघतात. जवळपास ५,००० किलोमीटर, न थांबता, दोन-तीन दिवसांत. त्यात तीन-चार महिन्यांची पिल्लंही असतात.

रानहंसांच्या जोड्या जमतात त्या बहुतेक अशाच परमुलखात, जिथे निरनिराळ्या नद्यांवरचे पक्षी एकत्र आलेले असतात. लेक दोन-तीन वर्षांची झाली की जोडीदार निवडते आणि वसंतात घरटं करायला निघते ती आपल्याच नदीकाठी, बहुधा ती जन्मली त्याच वसाहतीच्या आसपास. तिचा नर मागून येतो. त्याने ती नदी याआधी कदाचित पाहिलेलीही नसते. रानहंसांमध्ये नर हा घरजावई असतो.